पान विणणारा शिकारी रातकिडा कात टाकतानाच मरतो: आधी कारण ओळखा, मग डब्याला हात लावा

तक्रार दर वेळी सारखीच येते. पिल्लू महिनाभर चांगलं खात होतं, तीन-चार दिवस खाणं सोडलं, आणि सकाळी बघितलं तर जुनी कात अर्धी अंगावर, मागचे पाय तारेसारखे वाकडे, जीव गेलेला. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: दमटपणा कमी पडला, फवारा वाढवा. फवारा वाढतो आणि पुढचं पिल्लूही तसंच जातं.

बेळगाव भागात या सल्ल्याने जास्तच घोळ होतो, कारण इथली हवा एकसारखी नाही. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला आषाढात भिंतींना घाम फुटतो, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. त्याच जिल्ह्यात अथणी-रायबागकडे चैत्र-वैशाखात दुपारची हवा ओठ फोडते. दोन्हीकडचे लोक एकच सल्ला पाळतात आणि दोघांचेही किडे जातात, एकाचा कुजून, दुसऱ्याचा सुकून. शिवाय बऱ्याच मरणांचा दमटपणाशी काही संबंधच नसतो. म्हणून मेलेला किडा फेकून देऊ नका. तो कशाने गेला हे बहुतेक वेळा त्याच्या अंगावरच दिसतं.

हे सगळं पानं विणणाऱ्या रातकिड्यांबद्दल आहे, म्हणजे ग्रिलॅक्रिडिडे कुळातल्या. परसात रात्रभर किर्रर्र करणारा तो हा नव्हे. नेहमीचा रातकिडा पंखावर पंख घासून गातो, याला ती सोय नाही. डिवचला तर हा मागच्या मांड्या पोटाला घासून खरखर करतो आणि जबडा उघडून उभा राहतो. विष नाही, पण चावा रक्त काढण्याइतका असतो. मिशा अंगाच्या कितीतरी पट लांब असतात, आणि कात अडकण्यात या मिशांचा वाटा मोठा आहे, ते पुढे येईलच.

याची खासियत म्हणजे तोंडातून निघणारा रेशमासारखा धागा. रात्री मंद लाल उजेडात बघितलं तर दिसतं: पुढच्या पायांनी पानाची कड ओढून धरलेली, खालचा ओठ एका कडेला टेकवतो, डोकं सावकाश पलीकडे नेतो, दुसऱ्या कडेला टेकवतो, परत अलीकडे. सुटा धागा नजरेला येत नाही. बऱ्याच फेऱ्या झाल्या की दोन कडांमध्ये पांढुरकी शिवण उमटते आणि पान घडी होऊन बसतं. दिवस त्या घडीत काढायचा, रात्री शिकारीला बाहेर पडायचं. पिल्लू दिसत नाही म्हणून ही घडी उसकटून बघणं ही नव्या पाळणाऱ्यांची पहिली चूक. ती परत विणायला त्याची ताकद जाते, आणि कातीच्या तोंडावर तेवढी ताकद शिल्लक नसते.

मेलेला किडा काय सांगतो

पाठीवर कात उभी फाटली आहे, डोकं आणि छाती बाहेर आली आहे, पाय आत अडकलेत, आणि किडा तळाला पडलाय: हा लटकलेला असताना पडला. दमटपणाचा विचार नंतर, आधी उंची आणि पकड बघा.

कात फाटलीच नाही, पोट आकसलेलं, अंग हलकं आणि कडक: आतून पाणी कमी पडलं होतं. हे एका रात्रीत होत नाही, आधीचे आठ-दहा दिवस कोरडे गेलेले असतात.

कात बाहेरून फाटली आहे, पण आतली नवी कातडी मऊ राहिली, ठिकठिकाणी चिरली, पातळ रक्त पाझरलं: कीटकनाशक औषधाचा संशय घ्या, तोही अन्नातून आलेल्या.

उताणा पडलाय, पाय थरथरताहेत, तोंडातून पाणी येतंय, आणि कातीची काही चिन्हं नाहीत: हेही औषध, पण हवेतून किंवा हाताला लागून आलेलं.

पोट पोखरलंय, पंखांचे कोंब किंवा पाय कुरतडलेत: डब्यात दुसरा कोणीतरी होता. बहुतेक वेळा तो खायला सोडलेला रातकिडाच असतो.

अंग काळं, मऊ, वास मारतंय: जास्त ओल आणि कोंदट हवा.

अंगावर पांढरी लव दिसली की लगेच "बुरशीने मेला" म्हणू नका. ओल्या डब्यात मेलेल्या कुठल्याही किड्यावर दोन दिवसांत लव धरते. मारणाऱ्या बुरशीची खूण वेगळी असते. त्यात किडा आधी लाकडासारखा कडक होतो, आणि मग सांध्यांतून पांढरी भुकटी बाहेर येते. ती पांढरीच राहिली तर बव्हेरिया, हिरवी झाली तर मेटारायझियम. ही दोन्ही नावं ऊस करणाऱ्याला माहीत असतात, त्याचं कारण खाली.

उंची आणि पकड

कात टाकताना किडा डोकं खाली करून लटकतो. पोटात हवा भरून अंग फुगवतो, पाठीची कात फाटते, आणि स्वतःच्या वजनाने तो खाली घसरत बाहेर येतो. म्हणजे इथे वजनच अर्धं काम करतं. खाली जागा नसेल तर डोकं आधी तळाला टेकतं, अंग वळतं, आणि मऊ पाय वळलेल्या जागीच कडक होतात.

हिशेब सोपा आहे. लटकायच्या जागेपासून तळापर्यंत मोकळी जागा किड्याच्या लांबीच्या किमान तिप्पट हवी, आणि लांबी मिशा सोडून मोजायची. ३ सेंटिमीटरच्या पिल्लाला ९ लागतात, पण १५ ठेवा. हा हिशेब मातीच्या वरून करायचा असतो आणि तिथेच लोक चुकतात. २० सेंटिमीटर उंच डब्यात ६ सेंटिमीटर माती, वर ८ सेंटिमीटरचं लाकूड, मग उरतं काय?

किराणा दुकानातली ५ लिटरची प्लास्टिक बरणी पिल्लांना चालते. मोठ्याला २० बाय २० तळ आणि ३० सेंटिमीटर उंची हवी. बरणीच्या भिंती गुळगुळीत असतात, त्यावर ओल्या नखांची पकड बसत नाही. मागच्या भिंतीला काथ्याची चटई किंवा सुकी साल गरम गोंदाने चिकटवा. आत बोटाएवढ्या जाडीच्या दोन फांद्या तिरप्या ठेवा, दोन्ही टोकं घट्ट अडकलेली. बोटाने ढकलली आणि हलली तर ती फांदी कात टाकायला निकामी.

हवेसाठी दोन खिडक्या कापा, साधारण ४ बाय ८ सेंटिमीटरच्या, एक खाली मातीच्या जरा वर, दुसरी समोरच्या बाजूला वरच्या कडेशी. खालून हवा शिरते, वरून निघते. फक्त झाकणाला भोकं पाडली तर तळाची हवा तशीच कोंदट राहते. जाळी स्टीलचीच लावा. नायलॉनची मच्छरजाळी हा जबडा एका रात्रीत कातरतो आणि किडा सकाळी कपाटामागे सापडतो, सापडला तर.

ओल: शेतकऱ्याचा वाफसा

तळाला ५ ते ६ सेंटिमीटर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घाला. विटेच्या रूपात मिळणारं कोकोपीट भिजवलं की कितीतरी पट फुगतं, लहान डब्याला विटेचा तुकडा पुरतो. हलक्या मालात मीठ असतं, म्हणून तीन पाण्यांत धुऊन, पिळून मगच वापरा.

ओल किती हवी हे सांगायला वाफसा हा एक शब्द पुरेसा आहे. पेरणीला जमीन जशी लागते तशी, ओली पण चिखल नाही. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, बोटांतून एखादाच थेंब निघावा, टिचकी मारली की गोळा फुटावा. पाण्याची धार निघाली तर ती रोगाला जागा, आणि गोळाच झाला नाही तर पुढची कात अडकणार.

फवारा मारल्यावर भिंतींवर थेंब दिसतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. अथणीच्या उन्हाळ्यात, त्यातही वर पंखा फिरत असेल तर, ते थेंब तासाभरात उडतात आणि माती तशीच कोरडी राहते. तिथे फवारा सोडा. मातीच्या एका कोपऱ्यात ३० ते ४० मिलिलिटर पाणी सावकाश ओता, दर चार-पाच दिवसांनी. कोपरा ओला, दुसरं टोक कोरडं, किडा आपली जागा आपण निवडतो. वरच्या खिडकीचा अर्धा भाग प्लास्टिकने झाका, खालची उघडीच ठेवा. डबा पंख्याच्या झोतातून बाजूला काढा, ही एक गोष्ट फवाऱ्याच्या दहा बाटल्यांपेक्षा जास्त कामाला येते. साधा डिजिटल आर्द्रतामापक मातीपासून दोन बोटं वर टांगा. दिवसा ६०-६५ टक्के, रात्री ७५-८० असा चढउतार चांगला. चोवीस तास ९० म्हणजे डबा कोंदला आहे.

खानापूर-जांबोटी पट्ट्यात मृग सुरू झाल्यापासून हस्तापर्यंत बहुधा एक थेंबही घालावा लागत नाही. तिथे उलटं करायचं: दोन्ही खिडक्या पूर्ण उघड्या, कोकोपीट ३ सेंटिमीटरवर आणायचं, आणि त्यावर न रंगवलेल्या कौलाचा कोरडा तुकडा ठेवायचा. भाजलेली माती जादा ओल ओढून घेते. दर दोन दिवसांनी तुकडा बदला, भिजलेला चुलीजवळ वाळवा. याच तुकड्याचा उन्हाळ्यात उलटा उपयोग होतो, तासभर पाण्यात बुडवून ठेवला की तो दोन दिवस हळूहळू ओल सोडत राहतो. खानापूरकडे जुन्या घरांच्या परसात फुटकी कौलं असतातच. मात्र शेवाळ धरलेलं कौल आधी उकळत्या पाण्यातून काढा.

पिण्याचं पाणी वेगळं ठेवा. बाटलीच्या झाकणात ओला कापूस, दर दोन दिवसांनी नवा. उघडं पाणी लहान पिल्लांना बुडवतं.

बेळगाव शहरात पौष-माघात रात्री चांगलीच थंडी पडते. गारठ्यात किडा मरत नाही, पण कात टाकायला वेळ जास्त लागतो, आणि जितका वेळ जास्त तितकी अडकण्याची भीती जास्त. आतल्या खोलीत, थर्मोकोलच्या खोक्यात डबा ठेवा. बल्ब लावू नका, तो उबेपेक्षा कोरडेपणा जास्त देतो. २२ ते २८ अंश पुरेत.

खायला काय, किती, आणि केव्हा द्यायचं नाही

शिकारी म्हटलं की लोक फक्त किडे देतात. पानं विणणारे रातकिडे शिकारी आहेत पण सगळं खाणारेही आहेत. फळ, बी, परागही खातात. रियुनियन बेटावर याच कुळातला एक रातकिडा एका ऑर्किडचं परागीभवन करतो, हे २०१० मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं. एवढ्या कातरीसारख्या जबड्याच्या प्राण्यालाही फुलातला मध हवासा वाटतो. तेव्हा केळ्याची पातळ चकती, भिजवलेले ओट्स किंवा नाचणीचे मोड आठवड्यातून दोनदा द्या. उन्हाळ्यात फळातून जाणारं पाणी हा कातीसाठी मोठा आधार असतो.

किड्यांचं माप असं. १ सेंटिमीटरच्या पिल्लाला दर दोन दिवसांनी टाचणीच्या डोक्याएवढे दोन-तीन रातकिडे. मधल्या वयात स्वतःच्या निम्म्या लांबीचे, आठवड्याला तीन-चार. पूर्ण वाढलेल्याला आठवड्याला दोन-तीन मोठे पुरतात. संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर सोडा, सकाळी उरलेले वेचून काढा. वेचून काढणं ही टाळायची गोष्ट नाही. घरात पैदास होणारे खाद्य-रातकिडे स्वतःही मांस खातात, आणि कात टाकणारा किडा हा त्यांना मिळणारा सर्वांत मऊ घास असतो. दोन शिकारी रातकिडे एका डब्यात ठेवले तर तोच प्रकार, मग ते एकाच अंडीपुंजातले का असेनात. एका डब्यात एकच.

कात जवळ आल्याची लक्षणं: दोन ते चार दिवस शिकारीला तोंड लावत नाही, अंगाची चकाकी जाते, पोट ताठ, पंख येणाऱ्या जातीत पंखांचे कोंब फुगतात, घडीतून बाहेर येणं कमी. यातलं पहिलं लक्षण दिसलं की जिवंत किडा देणं पूर्ण बंद. "भूक लागली असेल" म्हणून दोन जास्त रातकिडे सोडणं हा घातच. त्या दिवसांत केळ्याची चकती आणि ओला कापूस, बस. डबा उचलायचा नाही, घडी उघडायची नाही.

न दिसणारं औषध

या भागातल्या मरणांमागचं सगळ्यात दुर्लक्षित कारण हेच आहे.

बेळगावच्या आसपास कोबी, फ्लॉवर, मिरची, टोमॅटो भरपूर पिकतात. खाद्य-रातकिड्यांना कोबीचा पाला घालणं सोपं आणि स्वस्त, म्हणून सगळे तेच करतात. कोबीवरच्या अळ्यांसाठी नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन अशी औषधं वापरली जातात. ही औषधं किड्याला लगेच मारत नाहीत. कायटिन, म्हणजे ज्याची नवी कात बनते तो पदार्थ, तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे किडा कात टाकायच्या दिवसापर्यंत ठणठणीत दिसतो आणि नेमका त्याच दिवशी फाटतो. आता साखळी बघा: पूर्ण वाढलेला खाद्य-रातकिडा तो कोबी खातो. त्याला आता कात टाकायची नाही, म्हणून त्याला काहीच होत नाही. तो तुमच्या पिल्लाच्या पोटात जातो. पिल्लाला मात्र दोन आठवड्यांनी कात टाकायची असते.

ओळखायचा मार्ग खाद्य-रातकिड्यांच्याच डब्यात आहे. तिथली लहान पिल्लं अर्ध्या कातीत मरून पडत असतील आणि मोठे मजेत असतील, तर दोष दमटपणाचा नाही, पाल्याचा आहे. नुसतं पाण्याने धुऊन हे जात नाही. कोबीचा पाला बंद करा. त्याऐवजी साल जाड काढलेला दुधी, भोपळा, गाजर, किंवा घरीच कुंडीत उगवलेले गव्हाचे कोंब द्या. खायला गव्हाचा कोंडा, शाळूचं पीठ आणि थोडी डाळीची भरड. शिकाऱ्याला देण्याआधी दोन दिवस खाद्य-रातकिड्यांना याच खाण्यावर ठेवा. कोंडा ओला होऊ देऊ नका, त्यात पिठासारखी हलणारी कोळीकीड धरते आणि तिथून शिकाऱ्याच्या डब्यात जाते. धरलीच तर कोंडा फेकून डबा उन्हात वाळवणं एवढाच उपाय.

आत ठेवायच्या पानांचंही तसंच. आंब्याची, फणसाची, पेरूची पानं घडी करायला छान, पण आंब्याला मोहोर असताना तुडतुड्यांसाठी औषध मारतात आणि काजूच्या बागेतही फवारणी होते. ज्या झाडाला कोणी हात लावत नाही त्या झाडाचीच पानं घ्या. परसातला फणस सर्वांत निर्धोक.

माती उसाच्या शेतातून आणू नका, शेणखतही नको. हुमणी, म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी, मारण्यासाठी मेटारायझियम शेणखतात मुरवून उसाच्या सरीत टाकतात. हुमणी मारणारी बुरशी रातकिड्याला वेगळं धरत नाही. वर सांगितलेली हिरवी भुकटी दिसली तर तो डबा, माती, फांद्या सगळं घराबाहेर. डबा उकळत्या पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात, आणि शेजारच्या डब्यांना हात लावण्याआधी साबणाने हात.

निपाणी-चिकोडीकडच्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची आहे. तंबाखूतलं निकोटीन हे जुनं आणि जालीम कीटकनाशक आहे. तळहातावर तंबाखू मळून त्याच हाताने खाद्य-रातकिडे उचलले तर ते विष किड्याच्या पायांना लागतं, आणि किडा मिशा-पाय चाटून साफ करताना ते पोटात घेतो. वखारीत काम करून आल्यावर कपड्यांवरची धूळसुद्धा पुरते. हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, चिमटा वेगळा ठेवा, आणि डबा ज्या खोलीत तंबाखू ठेवतात तिथे कधीच नको.

डासांची लिक्विड मशीन, कॉइल, डासांची अगरबत्ती, मुंग्यांचा खडू या सगळ्यांत पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात. माणसाला कमी त्रास म्हणजे किड्याला कमी त्रास असं नाही, ती बनवलीच किड्यांसाठी आहेत. ज्या खोलीत मशीन लागते तिथे डबा नको, कपाटातल्या डांबरगोळ्यांजवळही नको. मुंग्या येत असतील तर ताटात दोन बोटं पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब, मध्ये वाटी पालथी आणि तिच्यावर डबा. पावसाळ्यात गल्लीत धुराची फवारणी येते तेव्हा खिडक्या बंद करा, डब्यावर ओला टॉवेल टाका, आणि धूर बसल्यावर तासाभराने काढा.

कात अडकलीच तर

किडा अजून लटकलेला असेल तर हात लावू नका. कात टाकणं कधी अर्ध्या तासात होतं, कधी त्याहून जास्त वेळ चालतं. मधे तो थांबतो, मेल्यासारखा दिसतो, आणि परत हलतो. नवं अंग त्या वेळी दुधाच्या सायीसारखं पांढरं, फक्त डोळे काळे. शेवटी उरतात त्या मिशा. हातभर दोरा सुईच्या भोकातून काढावा तशी एकेक मिशी जुन्या नळीतून वळत वळत बाहेर येते, पुढच्या पायांनी आणि तोंडाने ओढत. याला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि थोडी कोरड असेल तर इथेच अडकतं. या टप्प्यावर डबा हलवला की मिशी तुटते.

तळाला पडला असेल आणि हलत असेल तर लहान डब्यात ओला टिशू पेपर अंथरा, बाजूला काडीला कापड गुंडाळून तिरपी लावा, किडा मऊ ब्रशने तिच्यावर डोकं खाली करून टेकवा, झाकण लावा. अर्धा तास थांबा. दमट हवेत बऱ्याचदा तो स्वतःच सुटतो. नाही सुटला तर शून्य नंबरचा रंगाचा ब्रश कोमट पाण्यात बुडवून फक्त जुन्या कातीवर फिरवा, पाच-पाच मिनिटांनी. तोंडावर नको, आणि पोटाच्या बाजूच्या श्वासाच्या भोकांवर तर अजिबात नको. कात ओढायची नाही. पावलाचं टोकच अडकलं असेल तर बारीक कात्रीने सुटी लोंबणारी कात कापा, पायाला चिकटलेली तशीच राहू द्या. पायातून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लोअरची चिमूट लावा. पंधरा-वीस मिनिटांत काही झालं नाही आणि अंग काळं पडायला लागलं तर पुढे ताणू नका. फ्रिजरमध्ये ठेवणं हा त्याला त्यातल्या त्यात कमी त्रासाचा शेवट आहे.

सुटलेल्या किड्याला दोन दिवस स्पर्श नाही, तीन दिवस जिवंत शिकार नाही. पडलेली कात काढून टाकू नका, तो ती खातो, त्यातलं प्रथिन त्याला परत लागतं. चौथ्या दिवशी डोकं चेचलेला मऊ रातकिडा चिमट्याने तोंडासमोर धरा. जबडा तपकिरी आणि कडक दिसायला लागला की मगच जिवंत.

एक मिशी किंवा पुढचा पाय गेला असेल आणि किडा अजून पिल्लू असेल तर पुढच्या कातींत तो थोडा-थोडा परत येतो, आधी आखूड आणि बारीक. मुळापासून सुटलेला मागचा पाय मात्र बहुधा येत नाही. एका मागच्या पायाचा किडा जगतो, फक्त त्याला उडी साधत नाही, म्हणून शिकार लहान द्या आणि फांद्या जवळजवळ लावा. पुढच्या कातीला त्याला लटकताना एक आधार कमी असतो, तेव्हा काथ्याची चटई छतालाही लावा.

डब्यावर कागद चिकटवून प्रत्येक कातीची तारीख, त्या आठवड्याचं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आर्द्रतेचं माप, आणि कोणत्या खेपेचे खाद्य-रातकिडे दिले एवढं लिहा. लागोपाठ दोन मरणं एकाच खेपेनंतर आली तर ती खेप टाकून द्या, डबा कितीही चांगला असो.

नवीन किडा आणायचाच तर आपल्या परसातून, आपल्या बांधावरून आणा. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथून किडा किंवा पानही उचलायला मनाई आहे. रानातून आणलेला मोठा किडा तीन आठवडे वेगळ्या डब्यात ठेवा. तो सारखा पाण्याच्या झाकणाकडे धावत असेल आणि पोट विचित्र फुगलं असेल तर आत केसासारखा लांब जंत असू शकतो. तो जंत पाणी दिसलं की बाहेर पडतो आणि किडा बहुधा त्यातच जातो. तसा किडा मेल्यावर कात बरोबर झाली नाही म्हणून डबा बदलत बसू नका, झाकणातलं पाणी उकळून टाका आणि कापूस जाळा.